उजवी सीट

तीन चाकांखाली तीन वजनकाटे, वर बाबांनी गॅरेजमध्ये सुटे भाग जोडून उभं केलेलं दोन सीटचं विमान. डावीकडे बाबा बसले होते, उजवीकडे वाळूचं पोतं. “मेले तरी मी त्यात बसणार नाही,” असं आईने म्हटल्यापासून बाबांनी हत्याराला हात लावला नव्हता. दोघं बसल्यावर विमानाचा तोलबिंदू ठरलेल्या मर्यादेत राहतो का, या कुतूहलापोटी मीच त्यांना ओढत आणलं होतं. तेवढ्यात आई डोकावली. “हे पोतं कशाला?” “तुझ्याऐवजी,” बाबा म्हणाले. “एवढी जाडी आहे मी?” पोतं मला उतरवायला लावून ती स्वतःच चढून बसली. “हा दांडा ओढला की काय होतं?” “नाक वर जातं.” “आणि ढकलला की?” बाबा रंगात आले. “अहो, माझा पट्टा कुठाय?” बाबांनी पाना मागितला. मी काटे वाचून हिशेब केला. तोलबिंदू मर्यादेच्या चार सेंटीमीटर आत होता.