जिना उतरणारी बाई

“तूच काढलास ना तो सिनेमा?” तात्यांनी रिमोट सुनेपुढे आपटला.

“मी कशाला काढू, तात्या? कंपनीनेच काढलाय. जुने जातात, नवे येतात.”

टीव्हीवर त्या सिनेमाच्या जागी दुसरेच वीसेक सिनेमे हजर होते. सगळ्यांच्या हातात बंदुका. इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारं हे प्रकरण घरात आलं तेव्हा जुन्या सिनेमांच्या रांगाच्या रांगा होत्या. हळूहळू त्या आखडत गेल्या, आणि आज तात्यांचाही सिनेमा गेला. तसा तो भिकारच होता. पण त्यात नायिका हॉटेलात रडत बसते, तेव्हा तिच्या मागून छत्री घेतलेली एक बाई जिना उतरते. ती तात्यांची बायको. शूटिंगला गर्दी हवी होती, म्हणून मैत्रिणीबरोबर हौसेने गेली होती. आता भिंतीवर तिचा फोटो होता, पण फोटो काही चालत नाही. चालणारी ती एवढ्याच ठिकाणी उरली होती, आणि रोज दुपारी तात्या तिला भेटत.

कंपनीची गोष्ट त्यांना पटेना. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. ‘आपोआप बंद पडलं हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने ते आधी घरी उघडलेलं असायचंच. शिवाय गेले काही दिवस तात्या दिसले की सून मोबाइल पालथा ठेवत होती. मुलाशी तिची कुजबुज चाले आणि ते खोलीत आले की दोघं एकदम हवापाण्यावर बोलू लागत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

“मग मोबाइलमध्ये काय लपवतेस? दाखव.”

सुनेचा चेहरा उतरला. “रागावू नका, तात्या. तुम्ही टीव्हीशी बोलता ना... आम्हाला भीती वाटली. डॉक्टरांना दाखवायला म्हणून व्हिडिओ घेतला.”

तिने तो लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. हीच खोली, दाराआडून घेतलेली. पुढे तात्यांची पाठ, त्यांचं टक्कल, आणि पलीकडे टीव्ही. तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच घरात आपल्यावर पाळत! मोबाइल भिरकावायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात त्यातून त्यांचाच आवाज आला, “सावकाश गं. शेवटची पायरी उंच आहे.”

टकलाच्या डाव्या अंगाला छत्री दिसली. मग एक खांदा. मग ती टकलाआड गेली.

तात्या खुर्चीत बसले.

“पुन्हा लाव.”

सुनेने लावला. मग आणखी एकदा. तात्यांनी मोबाइल नाकाशी धरला होता आणि पलीकडचं दिसावं म्हणून मान एका बाजूला कलती केली होती. छत्री आली, खांदा आला, पुन्हा टक्कल.

“मेल्याला,” तात्या म्हणाले, “जरा डोकं बाजूला घ्यायला काय झालं होतं?”