माप श्रेयाचं

"जरा ताठ उभी राहा," म्हणत शिवणाऱ्या बाईंनी श्रेयाच्या खांद्यावर टेप धरला.

"हिच्याच मापाचं शिवा," आई दाराकडं बघत म्हणाली आणि पिशवीतून जरीकाठाचं हिरवं कापड हळूच पुढं केलं.

लोणी भापकरात शिंपी असताना एका ब्लाउजसाठी बारामती गाठायची, हे श्रेयाला पटलं नव्हतं. आठवीतल्या पोरीला जरीचं ब्लाउज कशाला, हे विचारायचा तर धीरच झाला नाही.

यंदा ती एकाएकी वाढली होती. आईची चप्पल, आईचं ब्लाउजसुद्धा तिला येऊ लागलं होतं. "पोरगी हाताशी आली," असं कुणी म्हटलं की पूर्वी बरं वाटायचं, आता ती तिथून उठून जायची. वर्गातली प्रतीक्षा दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. तिचं लग्न गुपचूप उरकलं होतं.

बाबा अपघातात गेल्यापासून घरात आजोबा, आई आणि श्रेया एवढीच माणसं. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात ते श्रेयाला होते.

"माणूस चांगला हाय," आजोबा ओसरीवर आईला सांगत होते. "वय जरा जास्त हाय, पण वालचंदनगरला नोकरी हाय, क्वार्टर हाय."

"श्रेयाला आत्ताच नका सांगू, आबा. रडंल ती."

"आन् गावाला तर न्हायच न्हाय. आधी कळलं की मोडलंच समज. अक्षता पडल्यावर बोलू दे काय बोलायचं ते."

दुसऱ्या दिवशी केसांना तेल लावताना आईनं विचारलं, "नव्या शाळंत रमशील ना गं?"

प्रतीक्षालाही सासरी शिकवू असंच सांगितलं होतं. आईचा हात झिडकारावा असं श्रेयाला वाटलं. सगळे एक वेळ ठीक, पण आईसुद्धा? ती नुसती "व्हय" म्हणाली.

रविवारी सकाळी दारात वालचंदनगरची गाडी थांबली. भटजी आले. पुढचं दार लोटून घेतलं गेलं.

"आंघोळ करून घे. मग तुला एक सांगायचंय," आई म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

श्रेयानं आबांचा फोन टॉवेलात गुंडाळला, न्हाणीघराची कडी लावली आणि शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेला मदतीचा नंबर लावला. "माझं लग्न लावतायत," ती कुजबुजली. "लवकर या."

आई हाका मारून गेली. पोट दुखतंय, असं श्रेयानं आतूनच सांगितलं.

"मुहूर्त टळंल," भटजी म्हणाले.

"टळू द्या. तिच्याशिवाय न्हाय सुरू करायचं," आईचा आवाज आला. श्रेया भिंतीला चिकटून उभी राहिली.

अखेर जीप आली. जीपमागं अख्खी आळी आली. "काय झालं ओ आबा?" अंगणात गलका झाला आणि श्रेयाच्या जिवात जीव आला. गावाला कळलं होतं. आता मोडणार होतं.

"नवरी कुठाय?" पोलीस बाईंनी विचारलं.

श्रेयानं कडीला हात घातला. पण बाहेर तिच्या आधीच कुणीतरी बोललं.

"मीच."

"वय?"

"चौतीस," आई म्हणाली.