घाट उतरेपर्यंत

घाटाच्या पहिल्याच वळणावर माझ्या कंडक्टरच्या पिशवीत कुंदाताईंचा फोन वाजला. गाडी चालवताना ड्रायव्हरने फोन वापरायचा नाही, हा कायदा. म्हणून ताई तो माझ्याकडेच देतात. मी उचलला. पलीकडे त्यांची लेक होती, दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेली.

"मावशी, सुटलं गणित! अडतीस!"

मी ओरडणारच होते, पण समोर पाटी होती, चालकाशी बोलू नये. मग शेजारच्या आजींच्या कानात सांगितलं. आजींनी मागे सांगितलं. दोन वळणांत अख्ख्या गाडीला निकाल कळला, फक्त आईला सोडून.

"लेकीचा फोन ना?" ताईंनी समोर बघतच विचारलं.

"घाट उतरल्यावर सांगते."

"बरं." पुढचा सगळा घाट त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच उतरवली, घाई म्हणून केली नाही.

पायथ्याचा थांबा आला, तरी कोणी उतरेना. मी फोन लावून ताईंच्या हातात दिला. लेकीचं ऐकून त्यांनी खाकी बाहीने नाक पुसलं. मग अख्ख्या गाडीकडे वळून म्हणाल्या, "पस्तीस लागतात. पोरीने तीन जास्तच आणले!"