हात न हलवता

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण माझ्या लेकीनं पहिला प्रश्न पाळण्यातच विचारला!" विद्यापीठाच्या संशोधन प्रदर्शनात म्हातारा लेकीच्या पोस्टरला खेटून उभा होता. तिच्या नावाआधीचा शब्द त्यानं तळहातानं झाकला होता. थापा ऐकत वाढलेली मुलं शंका काढायला लवकर शिकतात, असं तिचं पदव्युत्तर संशोधन सांगत होतं. थापा अर्थातच बापाच्या. लोकांनी हळहळू नये, तिला प्रश्न विचारावेत, एवढंच त्याला हवं होतं. "ती कुठंय?" परीक्षक बाईंनी विचारलं. "चहाला गेलीय, आलीच." "बरं, पाळण्यात काय विचारलं तिनं?" झालं! म्हाताऱ्याला चेव आला. "म्हणाली, बाबा, चंद्राला शिडी कुणी लावली?" पण हात न हलवता थाप मारणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. शिडी दाखवायला दोन्ही हात वर गेले. नावाआधी 'दिवंगत' दिसलं. "काका," बाई म्हणाल्या, "ती चहाला गेलेली नाही."