सहा बाय चार

नवी फाईल. रुंदी बहात्तर इंच, उंची अठ्ठेचाळीस. आकांक्षानं पट्ट्या चालू केल्या. पडद्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला आकडे उमटले, ते सेंटिमीटरमध्ये. कुणीतरी पुन्हा बदलून ठेवलेले. तिनं इंच केले.

जाळी. दर बारा इंचाला एक रेघ. एक खाना म्हणजे एक फूट. वरची ओळ मथळ्याला, मधल्या दोन गेलेल्या माणसाला, खालची मागे राहिलेल्यांना. श्रद्धांजलीचा फ्लेक्स कुणाचाही असो, आधी जाळी घालायची, मग माणूस बघायचा. हात आपोआप चालतो.

"बेटा, जाफराबादचा जल्दी घे," उत्तमचंद शेठ गल्ल्यावरून म्हणाले. "उद्या दहावा हाय त्यांचा. दुपारच्या एसटीत टाकायचाय."

फोटो. उघडला. बाप होता.

टोपी नेहमीसारखी डाव्या कानावर. खाली मजकूर : कै. भुजंगराव. गेल्या आठवड्यात मंगळवारी. मंगळवारी आकांक्षानं एका बैलाच्या वाढदिवसाचा बोर्ड केला होता, केकसकट.

मिथुनचा हात धरून ती घरातून निघाली, त्याच दिवशी या माणसानं अंगणात उभं राहून तिच्या नावानं आंघोळ केली होती. सगळ्या गल्लीला दिसेल अशी. आता तिनं कुणाच्या नावानं करायची?

तिनं बापाला मधल्या दोन ओळींत बसवलं. टोपी वरच्या रेघेला टेकली.

खालची ओळ. पाच फोटो आले होते. भाऊ भागवत, लहानपणापासून तिला ताई म्हणत आलेला. त्याची बायको. धाकटी बहीण सुरेखा. सुरेखाचा नवरा. भागवतचं पोरगं, हे आकांक्षानं पहिल्यांदाच पाहिलं. एकेक उचलून एकेका खान्यात सोडलं. रेघेजवळ नेलं की फोटो आपसूक ओढला जाऊन रेघेला चिकटतो.

सहावा खाना उरला. पाच जणांना सारख्या अंतरानं पसरता आलं असतं. एका मिनिटाचं काम. तिनं केलं नाही.

मजकूर. मोबाईलवरचा मजकूर त्या जुन्या कम्प्युटरमध्ये घेतला की अक्षरांचे नुसते चौकोन होतात, म्हणून सगळा हातानं टाईप करावा लागतो. तिनं केला. पश्चात एक मुलगा, दोन मुली, सून, जावई, नातू असा परिवार आहे.

शेठनी मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. लगेच फोन आला. शेठनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"शेठ, बाकी बराबर हाये. पण या रेघा कशाच्या?"

भागवतचा आवाज जाड झाला होता. घरातल्या कर्त्या माणसाचा.

"त्या छापून येत न्हाईत. मापाच्या हायेत," शेठ म्हणाले.

"अन् खाली शेवटी मोकळंच दिसून राह्यलं."

"पाचच फोटो धाडले ना तुम्ही."

"मंग तिथं भाऊसाहेबाचा टाका. धाडतो. मोकळी जागा बरी दिसत न्हाई, लोक इचारतात."

भाऊसाहेब आले. तालुक्याचे पुढारी, निवडणुकीतला फोटो, गळ्यात हार, तोंडभर हसू. आकांक्षानं त्यांना सहाव्या खान्यात सोडलं. ते रेघेला बरोबर चिकटले.

"हसून राह्यले की ते," शेठ हळूच म्हणाले.

"त्येंचा तसाच असतोय," फोनमधून उत्तर आलं. "अन् शेठ, ते दोन मुली काय लिवलंय? आमी एक लिवून धाडलं व्हतं."

शेठनी चष्म्यावरून आकांक्षाकडं पाहिलं. मोबाईल तिच्यापुढं सरकवला. "बोल बेटा, तूच बोल."

"चुकून झालं," आकांक्षा म्हणाली.

पलीकडे, फोनमधून, जीपवाला "माहोरा, माहोरा" ओरडत होता, तेवढं ऐकू आलं. तोही ओरडून थांबला.

"एकच हाये," भागवत म्हणाला.

मग आवाज एकदम खाली आला. पूर्वीचा, बारीक.

"एकच लिवा, ताई."

फोन बंद झाला.

"माणूस चांगला दिसतो," शेठ म्हणाले. "दुसरा असता तर आईबहिणीवर आला असता. यानं ताई म्हटलं."

दुरुस्ती. दोन खोडलं. एक. मुली खोडलं. मुलगी. ओळ आखूड झाली, डावीकडं कलंडली. तिनं ती मधोमध घेतली. जाळी बंद केली. पट्ट्या बंद केल्या. पडद्यावर आता सगळं जसं छापून येणार तसं होतं.

छपाई. मशीन घरघरलं. आधी मथळा उतरला. मग टोपी, कपाळ, डोळे. फ्लेक्स खाली लोळू नये म्हणून कुणीतरी दोन्ही कडा धरून मागं मागं सरकावं लागतं. ते काम तिचंच. तिनं कडा धरल्या. बाप हातभर पुढं आला, मग आणखी. शाईचा उग्र वास दुकानभर पसरला.

तिचा अंगठा कडेवरून आत गेला.

"ए, हां हां!" शेठ गल्ल्यावरून ओरडले. "तोंडाला हात लावू नको. वल्लं हाय अजून."