न पाहिलेलं लग्न

पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पल्लवी मागे सरकली, तेव्हा सिंधुबाई मुलाच्या, रविराजच्या लग्नातला शालू नेसून समोर येऊन बसल्या होत्या. घरातल्या टीव्हीपुढे शालू नेसून बसलेलं माणूस पल्लवी पहिल्यांदाच बघत होती. तिला हसू आलं आणि बरंही वाटलं.

चांदवडजवळच्या या घराण्यात नवरदेवाच्या आईने लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने मंडपाकडे पाठ करून आत बसायचं. सिंधुबाईही बसल्या होत्या. नंतर घरातल्या एकेकाने आपापला मोबाइल त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. पल्लवीची फिल्म आली की मोठ्या टीव्हीवर, नीट, सगळं एकदमच बघीन म्हणाल्या.

पल्लवीलाही आज ती फिल्म दाखवायची घाई होती. तिने आजवर केलेल्या लग्नांच्या फिल्मा इतक्या सारख्या की नवरानवरी बदलली तरी कळू नये. वरून ड्रोन, सावकाश पडणाऱ्या अक्षता, मागे गाणं. मग पेशवाईवरची एक मालिका तिच्या डोक्यात बसली. तिचे भाग ती आवाज बंद करून बघायची. एका भागात सरदार लढाईत पडल्याची खबर वाड्यावर येते. लढाई दाखवलीच नाही. नुसते गजरा ओवणारे त्याच्या बायकोचे हात थांबतात, आणि फुलं तशीच मांडीवर राहतात. घडतं ते दाखवायचं नाही, ज्याच्यावर घडतं त्याला दाखवायचं, एवढं पल्लवीने त्यातून उचललं. म्हणून ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ती स्टेज सोडून आत गेली होती. स्टेजवर तिचा नवरा रोहित दुसरा कॅमेरा घेऊन उभा होताच.

टीव्हीवर मंगलाष्टकं सुरू झाली. आवाज भोंग्यातून येतोय तसा लांबचा. पडद्यावर भटारखान्यामागची खोली, पालथी घातलेली पातेली, तांदळाची पोती, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सिंधुबाई. प्रत्येक 'सावधान'ला त्यांची मूठ आवळत होती. शेवटी बँड कडाडला. त्यांनी डोळे मिटले आणि मुठीतल्या अक्षता समोरच्या भिंतीवर टाकल्या. तांदूळ पोत्यांवर सांडले. पडदा हळूहळू काळा झाला.

सिंधुबाईंच्या जावेने पदर डोळ्यांना लावला. सिंधुबाईंचे मालक खाकरले आणि उगाच पंख्याकडे बघत राहिले. पल्लवीला आनंदाची उकळी फुटली. जमलं होतं.

"छान हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "आता लग्न लाव."

"मावशी, हेच लग्न. पुढे आता पंगत."

"तसं नाय. अंतरपाट धरला, रविराजनं हार घातला, ते लाव."

"ते फिल्ममध्ये नाही घेतलं," पल्लवी म्हणाली. "म्हणजे मुद्दाम नाही घेतलं. त्या वेळी सगळ्यात मोठं काय घडत होतं ते तुमच्या तोंडावर होतं, मावशी. ती पेशव्यांची मालिका नाही का, तिच्यात असंच दाखवतात."

"ती मी बी बघते," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "लढाईच्या टायमाला त्या बाईचंच तोंड. मी रोज म्हणते, बाई, सरक जरा, लढाई बघू दे."

जाऊ हसली. पल्लवीलाही हसावं लागलं.

"माझं तोंड मी रोज आरशात बघते, पोरी," सिंधुबाई शालूचा काठ बोटांनी सरळ करत म्हणाल्या. "मला माझ्या पोराचं बघायचं होतं."

पल्लवीने बॅगेतून लॅपटॉप काढून रोहितने घेतलेलं सगळं पुढे-मागे करून पाहिलं. ऐन वेळी सोयरेधायरे स्टेजवर चढले होते आणि कॅमेऱ्यासमोर नुसत्या फेट्यांच्या पाठी होत्या. फेट्यांच्या वर अंतरपाटाचं एक टोक दिसलं आणि खाली गेलं. हे तिला आधीच माहीत होतं. आपल्याकडे यापेक्षा भारी शॉट आहे म्हणून तिने त्याची फिकीर केली नव्हती. आता तिला स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली.

दाराशी तृप्ती उभी होती, सिंधुबाईंच्या दिराची मुलगी. लग्नात तीच करवली, रविराजच्या बाजूलाच उभी होती.

"मोठी आई, माझ्याकडं हाय," ती बिचकत म्हणाली. "पण लय हाललंय. एका हातात दिवा होता ना."

सिंधुबाईंनी हात पुढे केला. तृप्तीने मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि चालू करून दिला. पल्लवी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. वाकडं चित्र, कोपऱ्यात दिव्याची ज्योत, मध्येच कुणाचं तरी बाशिंग. अंतरपाट खाली गेला. रविराज समोर बघून हसला आणि त्याने हारासाठी मान वाकवली.

"वाकला," सिंधुबाई म्हणाल्या. "लहानपणी टोपी घालताना असाच वाकायचा."

त्यांच्या तोंडावर खिडकीतला उजेड पडला होता. पल्लवीचा हात सवयीने कॅमेऱ्याच्या बॅगेकडे गेला, चेनही उघडली. सिंधुबाईंचे हात थरथरत होते आणि त्यांच्या हातातलं लग्न आणखीच हलत होतं. पल्लवीने बॅग तशीच सोडली, आणि मोबाइल हलू नये म्हणून त्यांच्या हातांखाली आपले हात धरले.