तिसरी खुर्ची

बर्गन शहरातल्या वाचनालयाच्या ऑफिसात दोघीच बसायच्या, सोल्वेग आणि योरुन. तिसरी खुर्ची रिकामीच असे, तरी तिची गादी कायम दबलेली.

वाचनालयाच्या वेबसाइटची सगळी सेटिंग्ज डेटाबेसमधल्या एकाच तक्त्यात होती. तिथे एक बदललं की सगळीकडे बदलायचं. आज साफसफाई करताना सोल्वेगला त्यात एक अनोळखी, कित्येक वर्षं जुनी ओळ दिसली: ‘तिसरी खुर्ची: भरलेली’.

“योरुन, हा तुझाच चावटपणा ना?”

“छे गं! कोडमध्ये शोध. कुठेच वापरात नसेल तर उडव की.”

कोडमध्ये ती कुठेच वापरात नव्हती. मग इतकी वर्षं ती जपली कोणी, आणि कशासाठी? हे मनात येईपर्यंत सोल्वेगनं ओळ उडवलीही होती.

मागे काहीतरी करकरलं. दोघींनी वळून पाहिलं.

खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर येत होती.